पायगुण

माझ्या भावाची भाऊबीज मी सहा वर्षं नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर केली. कँटीनमधलं कोपऱ्यातलं टेबल गाठायचं, पर्समधून कुंकवाची डबी काढायची, त्याच्या कपाळाला टिळा लावायचा, नुसत्या सुपारीनं ओवाळायचं आणि पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात द्यायचा. कँटीनवाला पहिल्या वर्षी हसला, पुढं त्याला सवय झाली. भाऊ दरवर्षी एकच म्हणायचा, "आक्का, आपलं घर हाये की. निमगाव काय लांब न्हाई." मी म्हणायची, ड्यूटी आहे, चारची गाडी चुकेल. निमगाव सावा तिथून तासाभराच्या आत, गाड्याही होत्या. खरं कारण मी त्याला कधीच सांगितलं नाही. मी त्याच्या घरात पाऊल टाकलं तर तिथं काहीतरी वाईट घडेल, अशी माझी खात्री होती.

शंका नाही, खात्री. मी नर्सिंगचा कोर्स केलेली बाई. बाळंतिणीच्या खोलीत विळी ठेवून काही होत नाही, नाळेला राख लावू नका, असं घरोघर सांगत फिरायची. दुसऱ्यांचे समज खोडून काढायचा मला पगार मिळत होता. स्वतःचा समज मात्र मी पोटच्या पोरासारखा सांभाळला.

तो मला सासरी मिळाला. माझं लग्न नव्वदीच्या सुरुवातीला झालं, अवसरी खुर्दच्या शिवारातल्या एका मळ्यात. माप ओलांडून आत गेले आणि दोन महिन्यांत दावणीचा बैल गेला. तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण बघायला लागले. वर्षाच्या आत नवरा गेला. ते उसाला पाणी द्यायला मोटार चालू करायला गेले आणि स्टार्टरला चिकटले. दहाव्याच्या दिवशी सासूबाई शेजारणींना म्हणाल्या, "हिच्या पायगुणानं माजं घर बसलं." त्या चिडून बोलल्या असत्या तर मी भांडले असते, माझी जीभ काही कमी नव्हती. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या, कांद्याला यंदा काय बाजार मिळाला ते सांगावं तशा. म्हणून मला ते खरं वाटलं.

माहेरी परत आले. आई लहानपणीच गेली होती, वडील दम्याचे जुने दुखणेकरी. मी परतले त्याच वर्षी तेही गेले. मग मला कोणी सांगायची गरजच उरली नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे मलाही ठाऊक होतं. पण ते कावळ्याला कोण पटवून देणार?

घरात भाऊ आणि मी, दोघंच उरलो. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याच्यापासून लांब जावं म्हणून मी कोर्सचा फॉर्म भरला. लोकांना वाटलं, पोरगी हिमतीची. पुढं नोकरी लागली ती आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्याही पश्चिमेला, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर. दोन खोल्या, पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल, मागच्या खोलीत मी. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं, अंतराअंतरावर वाड्या. मला ते पसंत पडलं. तिथं माझं कोणी नव्हतं, म्हणजे माझ्यामुळं कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

बाळंतपणाला बोलावणं आलं की मी दाराशी थांबायची आणि आधी म्हाताऱ्या सुईणीला आत पाठवायची. तिचं पाऊल पडलं की मग माझं. तिला वाटायचं, मी तिचा मान राखते. गावभर सांगायची, "नर्सबाई लई शिकल्याली, पर माज्या आधी पाऊल टाकत न्हाई." माझ्या नावावर नम्रपणा जमा झाला तो असा.

भावाचं लग्न झालं तेव्हा मी मांडवाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. अक्षता तिथूनच टाकल्या, त्या पुढच्या रांगेच्या डोक्यावर पडल्या. भावजय जुन्नरकडची, वयानं लहान, बोलायला मोकळी. तिला घरात सासू नाही, जाऊ नाही. सगळं तिच्या एकटीवर. मला तिची काळजी वाटायची आणि त्या काळजीपोटीच मी तिकडं फिरकत नव्हते.

दोनेक वर्षांनी एकदा भाऊ घोडेगावला आला. महिन्याच्या मीटिंगला मी तिथं असते हे त्याला माहीत होतं. ऑफिसच्या बाहेर चिंचेखाली उभा होता. म्हणाला, "येऊन जा की घरी." मी विचारलं, का रे? तो जमिनीकडं बघत म्हणाला, "सहज." मग जरा वेळानं, "तिला चौथा चाललाय." मला बहाणा सुचला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, गेले.

गेले, पण ओट्यावरच बसले. भावजय दोनदा दारात आली. "वन्सं, आत या की." मी म्हटलं, इथं वारं बरं आहे. पोटुशी बाई, तिच्यावर माझी सावली नको. पाणी प्यायले, चहासुद्धा घेतला नाही, तासाभरात उठले आणि गाडी पकडली. वाटेत मला हायसं वाटलं, की निभावलं बाई, उंबरा काही ओलांडला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, भावजयीचं पोट गेलं.

मी कानाला खडा लावला. तेव्हापासून स्टँडवरची भाऊबीज सुरू झाली.

एकटं राहायची सवय होते असं लोक म्हणतात. सवय वगैरे काही होत नाही. एका माणसाचा भात शिजवताना रोज नव्यानं कळतं, की आपण एकच माणूस आहोत. संध्याकाळी मी रेडिओ लावायची आणि बातम्या देणाऱ्याला उत्तरं द्यायची. रविवार तर खायला उठायचा. सणाच्या दिवशी कोणी पुरणपोळी आणून दिली की मी ती दारातच घ्यायची आणि ताट लगेच रिकामं करून द्यायची, म्हणजे माणूस आत यायला नको.

एका महिन्यात मीटिंग लांबली आणि डोंगरात जाणारी शेवटची गाडी गेली. कोणीतरी सांगितलं, घोडेगावात एक निवृत्त सिस्टर राहतात, मिशनच्या दवाखान्यात होत्या, एकट्या बाईला झोपायला जागा देतात. मी पत्ता काढत गेले. दार उघडंच होतं. आत पांढऱ्या साडीतल्या एक बाई स्टोव्हला पिन मारत बसल्या होत्या. या म्हणाल्या. मी सवयीनं दाराशी उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

त्यांनी मान वर केली. "अगं बाई, मी आतच आहे. माझ्याही पुढं कोणाला पाठवतेस?"

मी तशीच उभी. शेवटी त्या म्हणाल्या, "दार लाव, डास येतात." मग मी आत गेले. सकाळी उठल्याबरोबर त्या जिवंत आहेत का ते आधी बघितलं. छान घोरत होत्या.

त्यांच्याकडं रविवारी तीन-चार जणांची प्रार्थना व्हायची. मग मीही जायला लागले. खरं सांगायचं तर देवासाठी नव्हे. रविवारी कोणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून. सिस्टर बायबलमधलं वचन वाचायच्या, दोन गाणी व्हायची, चहा व्हायचा. मला कोणी काही विचारलं नाही. तीन-चार महिन्यांनी मीच एकदा कपबशा विसळता विसळता सगळं सांगून टाकलं, बैलापासून भावजयीपर्यंत. मला वाटलं होतं, त्या "असं काही नसतं गं" म्हणतील. ते मीच दिवसातून दहा जणींना म्हणायची.

त्यांनी मला एक जुनी वही दिली. "वाक्य लिही."

मी लिहिलं, माझा पायगुण वाईट आहे.

"कोण म्हणालं ते खाली लिही."

मी लिहिलं, सासूबाई.

"कितीदा म्हणाल्या?"

"माझ्या कानावर आलं ते एकदाच."

"आणि त्यानंतर रोज कोण म्हणतंय?"

मला राग आला. इतकी वर्षं मी ओझं वाहिलं आणि ही बाई मलाच धरते! दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले, कारण रागावून बसायलासुद्धा समोर माणूस लागतं.

त्या दिवशी सिस्टरनी जन्मापासून आंधळ्या असलेल्या एका माणसाची गोष्ट वाचली. येशूचे शिष्य त्याला बघून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू सांगतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "मग माझा नवरा का गेला?"

सिस्टरनी चष्मा काढला. "तुझ्या नवऱ्याचे हात ओले होते का?"

"उसाला पाणी द्यायचं चाललं होतं. ओलेच असणार."

"स्टार्टरला झाकण होतं?"

"नव्हतं."

"मग मला एवढंच माहीत आहे. यापुढचं मलाही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांच्यापासून सांभाळून राहा."

मी रडले. नवरा गेला तेव्हा मी नीट रडलेही नव्हते, माझा अर्धा जीव आपण काय केलं याचा हिशेब करण्यात अडकला होता. इतक्या वर्षांनी मी त्या माणसासाठी रडले. तो बावीस वर्षांचा होता, घाईत होता आणि त्याचे हात ओले होते.

वहीच्या समोरच्या पानावर सिस्टरनी मला दुसरं वाक्य लिहायला सांगितलं होतं. देवापुढं बसायचं आणि त्याच्या नजरेतून आपण कोण आहोत असं खरंच वाटतं तेवढंच लिहायचं. छान-छान लिहायचं नाही. ते पान कितीतरी महिने कोरं राहिलं. मी उपकेंद्राच्या मागच्या खोलीत रोज सकाळी वही उघडून बसायची. प्रार्थना म्हणजे काय करायचं ते नीट कळत नव्हतं, मी नुसती बसायची. पुष्कळदा आठवायचं ते हेच, की ज्या घरात जाऊ नये असं लोक म्हणायचे, नेमका तिथं येशू जेवायला बसायचा. एक दिवस मी लिहिलं, "मला बोलावलेलं आहे." एवढंच. लिहिलं आणि लगेच वाटलं, खोडावं. खोडलं नाही.

त्यानंतर एका बाळंतपणाला मी सुईणीच्या आधी आत गेले. दाराशी ते वाक्य मनात म्हटलं आणि उजवा-डावा न बघता पाय टाकला. सुईण महिनाभर रुसली. "आता नर्सबाईला आमची काय गरज." तिच्या पाया पडून तिला समजवावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या दिवशी ते बाळ तापलं. झालं, सगळं पाण्यात गेलं. मी चार दिवस त्या वाडीवर पायपीट केली, बाळासाठी किती आणि स्वतःसाठी किती ते माझं मला माहीत. बाळ तापातून उठलं. पण मला कळून चुकलं, की जुनं वाक्य गेलेलं नाही. ते दाराबाहेर बसून असतं आणि रोज नव्यानं त्याला आत घ्यायचं नाकारावं लागतं.

पुढं मी बाप्तिस्मा घेतला. गावात कुजबुज झाली, नर्सबाई बाटल्या, कुंकू पुसलं. कुंकू मी विधवा झाले तेव्हाच पुसलं होतं, पण लोकांनी दोन्ही एकाच खात्यात टाकलं. भावाला ते दुसऱ्याकडून कळलं. त्या वर्षी स्टँडवर तो टिळा लावून घेताना म्हणाला, "आमी आता परके झालो का तुला?" मी म्हटलं, नाही रे. आणि लगेच, गाडी चुकेल. इतकं सगळं होऊनसुद्धा. डोंगरातल्या परक्या दारांतून मी आता आत जात होते, पण भावाच्या दाराची हिंमत होत नव्हती. त्या एका घरात मला गमावण्यासारखं काहीतरी होतं.

मग सिस्टरच्या डोळ्यांनी दगा दिला. नगरहून पुतण्या आला आणि त्यांना घेऊन गेला. निघताना मोठं काही बोलल्या नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात प्रार्थना केली आणि गाडीत बसल्या. त्यांच्यामागं रविवारची बैठक मोडली. मी परत मागच्या खोलीत एकटी, आता वही आणि वचन घेऊन. पूर्वीपेक्षा जास्त एकटी, कारण सोबत काय असते ते आता माहीत झालं होतं.

त्याच सुमारास मीटिंगच्या दिवशी घोडेगावच्या दवाखान्यात भावाचा फोन आला. पहिल्यांदाच. तोवर त्यानं मोबाईल घेतला होता, त्यामुळं ओरडूनच बोलत होता. मुलगी झाली होती, तीन महिन्यांची झाली होती. दिवस राहिल्याचं त्यानं मला कळवलंच नव्हतं. "तू घाबरतीस म्हणून," म्हणाला. मी कशाला घाबरते ते त्याला माहीत होतं की काय, हे विचारायचा धीर झाला नाही. "बारसं केलं न्हाई आजून. ती म्हणती, नाव आत्यानंच ठिवायचं. दुसऱ्या कुणाला पाळण्याला हात लावू देत न्हाई. डोसाच्या कार्डावर नुसतं बाळ लिवलंय."

तसली कार्डं मी रोज भरते. नाव नसलं की नर्स चिडते, कारण पुढच्या वेळी कोणतं बाळ कोणाचं ते कळत नाही. मी एक दिवसाची रजा टाकली.

घरासमोर पोचले तेव्हा दुपार होती. ओट्यावर कोणी नव्हतं. मी पायरीपाशी थांबले. मनात म्हटलं, प्रभू, मी जाते, पुढचं तुझ्याकडं. शांतीबिंती काही वाटली नाही. भीती वाटत असतानाच आत गेले.

भावजय बाळाला अंघोळ घालून गुंडाळत होती. मला बघून तिनं उठायची घाई केली नाही. म्हणाली, "बसा वन्सं," आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. वजनाला चांगलं होतं. मी सवयीनं टाळू बघितली, डोळे बघितले. सगळं ठीक होतं. मग बाळाकडं बघतच मी तिला सांगितलं, मी इतकी वर्षं का आले नाही ते. पायगुण, बैल, स्टार्टर, ओट्यावरचा तो रविवार, सगळं.

ती दुपट्यांच्या घड्या घालत ऐकत होती. हात थांबले नाहीत. माझं झाल्यावर म्हणाली, "त्या दिशी तुमाला मीच बोलावून घेतलं व्हतं. आदल्या दोन दिसांपास्नं माज्या अंगावरनं रगत जात व्हतं. घरात बाईमाणूस न्हाई, सांगू कुणाला? ह्यांना म्हनले, वन्संना आणा, त्या नर्स हायेत. ह्यांना लाज वाटली, ते तुमाला बोललेच न्हाईत. मी आत खोलीत वाट बघत व्हते, तुमी येऊन इचारसाल म्हणून. दारात दोनदा आले. भाईर ह्ये बसल्याले, त्यांच्याम्होरं कसं सांगू? आन् तुमी उठून गेला."

मी बाळ तिच्याकडं दिलं आणि मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसले. मी आत गेले असते तर ते मूल वाचलं असतं, असं नर्स म्हणून मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. वाचलं असतं, नसतं. पण तिला झोपवून ठेवलं असतं, जीप करून दवाखान्यात नेलं असतं, निदान तिचा हात धरला असता. माझ्या येण्यानं त्या घरात काही वाईट झालं नव्हतं. मी आत गेले नाही, हेच वाईट झालं होतं.

बसल्या बसल्या जुनं वाक्य नवे कपडे घालून आलं. बघ, शेवटी तुझ्यामुळंच. मी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. त्यात थोडं खरं होतं, आणि खऱ्याला मी नाही म्हणणार नव्हते. पण एक गोष्ट मला त्या दगडावर पहिल्यांदा समजली. पायगुणाला क्षमा नसते. पाय कोणाची क्षमा मागणार? तो असतो तसा असतो, मरेपर्यंत. चूक मात्र माणसाची असते, आणि माणसाला क्षमा मागता येते. इतकी वर्षं मी शाप सांभाळत बसले होते, कारण चूक कबूल करण्यापेक्षा शाप बरा पडतो. मी देवाजवळ बोलले. फार नाही, दोन-तीन वाक्यं. मग तोंड धुतलं आणि आत गेले.

भावजयीसमोर बसून म्हटलं, "माझं चुकलं. मी आत यायला हवं होतं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. तसं ती म्हणाली नाही. "व्हय," म्हणाली, "यायाला पायजे व्हतं." तिचे डोळे भरले, माझेही. बाळ मध्येच कुरकुरलं, तिनं त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं. जरा वेळानं पदरानं नाक पुसून म्हणाली, "उद्या बारसं करू. आन् मग चार दिस ऱ्हावा. मला बोलायला कुणी न्हाई."

माझी रजा एका दिवसाची होती. मी भावाला सांगितलं, घोडेगावच्या दवाखान्यात फोन लाव, म्हणावं बाई पाच दिवसांनी येतील.